खंदारेकाकांचा शेरा

पहिल्याच दिवशी दादाराव खंदारेंनी मला झापलं. जमिनीत फिरवायच्या गिरमिटातून नुकतीच निघालेली माती मी ओंजळीत घेऊन नाकाशी नेली होती, एवढाच माझा गुन्हा. शहरातून आलेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या बाईला चार मजुरांसमोर असं कुणी बोलत नाही. ते बोलले.

"म्याडम, टाका ती खाली. हुंगायला ते काय अत्तर हाय?"

"वास आला तर नोंदवावा लागतो," मी म्हणाले.

"यायचा आसंल तं यील आपसूक. आपुन व्हऊन नाक काहून न्यायचं तिच्यात?"

मी आधी ओशाळले आणि मग, माझ्या स्वभावाला धरून, चिडले. सरकारी कार्यालयानं मदतनीस म्हणून दिलेला माणूस, सत्तरीला टेकलेला, डोक्याला रुमाल, आणि मला काम शिकवतोय! संध्याकाळी लॉजवर पोचेपर्यंत माझं डोकं जे ठणकायला लागलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं. मी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. फक्त सकाळी आल्याआल्या एक धुतलेला पांढरा पंचा माझ्या हातात दिला आणि स्वतःच्या नाकावरचा रुमाल जरा वर ओढून दाखवला. त्यानंतर तीन आठवडे मी तो पंचा तोंडाला बांधून काम केलं.

जागा होती बंद पडलेल्या एका कारखान्याची. कपाशीवर धुरळायची भुकटी तिथं तयार व्हायची, म्हणून गावात सगळे तिला 'पावडर कंपनी' म्हणत. हिंगोली जिल्ह्यातलं गाव, यापलीकडे गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर काय होईल ते पुढं येईलच. कंपनी बंद पडून माझ्या वयाइतकी वर्षं झाली होती. यंत्रं भंगारात गेली, पत्रे उडाले, मालक कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. कंपनीच्या अर्ध्या जागेवर पुढं मजूर कुटुंबांना प्लॉट मिळाले आणि साठेक घरांची 'नवी वसाहत' उभी राहिली. उरलेल्या अर्ध्या जागेवर आता आणखी घरं आणि आठवडी बाजार करायचं ठरत होतं. त्याआधी जमिनीत विष किती उरलंय ते मोजायचं आणि तिथं माणसं राहू शकतील का ते सांगायचं, हे आमच्या कंपनीला मिळालेलं काम. या कामाला इंग्रजीत भारी नावं आहेत. प्रत्यक्षात मात्र खड्डे घ्यायचे आणि बाटल्या भरायच्या.

गावाला त्या जागेची गरज होती, हे खोटं नाही. जिनिंग बंद, तेलगिरणी बंद, सरकी पेंडीची गोदामं रिकामी. तरणी पोरं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला गेलेली. गावात काही नवं बांधायचं तर मोकळी जागा तेवढी एकच होती, आणि ती इतकी वर्षं मोकळी का राहिली हे कुणी विचारत नव्हतं.

खंदारेकाका मूळचे पुसेगावकडचे. उभी हयात सरकारी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काढलेली. अंगानं काडी, आवाज खर्जातला. भेटल्यावर "जयभीम म्याडम" आणि निघताना "येतो म्याडम", मधल्या वेळेत कामापुरतं. त्यांच्या सायकलला कायम एक पिशवी लटकलेली असायची आणि तिच्यात चपलांचा दुसरा जोड. फाटकाशी आले की पायातली चप्पल काढून पिशवीत, पिशवीतली पायात. जाताना उलट. कंपनीच्या जागेतली चप्पल घरच्या उंबऱ्याला कधी लागली नाही. मजूर पोरं हसायची. "काका, देवळात चाल्ले काय?" असं विचारायची. काका शांतपणे चप्पल बदलून सायकलला हात घालायचे.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ते शिसपेन्सिलीनं लिहीत. मी भारीतला मार्कर दिला होता, तो त्यांनी परत केला. बर्फाच्या पेटीत शाई पळते, शिसं जागचं हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. अक्षर इतकं सुबक की माझ्या लॅबमधल्या मुलींनी फोन करून विचारलं, चिठ्ठ्या छापून घेतल्या का म्हणून.

एखादी गोष्ट त्यांना पटली की ते म्हणत, "बराबर." न पटली की, "बराबर न्हाई." तिसरा शब्द नसे. आणखी एक गमतीची गोष्ट माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. चहा चांगला, भाजी चांगली, पोरगं चांगलं, असं ते सगळ्यांसारखंच बोलत, पण मातीला चांगली म्हणत नसत. एकदा डोंगरकड्याचा एक केळीवाला शेतकरी रस्त्यात भेटला. जुनी ओळख निघाली. तो म्हणाला, "काका, औंदा माती तपासून आणली, कागद पाहा बरं, चांगली हाय ना?" काकांनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "सामू बराबर हाय. पालाश भरपूर हाय. बाकी पीक सांगंल." तो बिचारा घोटभर कौतुकासाठी ताटकळत उभा राहिला. मला वाटलं, म्हातारा तुसडा आहे.

कारण कळलं ते मागच्या भिंतीपाशी.

मी आमच्या कंपनीतूनच नकाशा छापून आणला होता. त्यावर सारख्या अंतरावर ठिपके होते, एकेक ठिपका म्हणजे एकेक खड्डा. मागच्या भिंतीशी एक पट्टा होता, दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा. तिथं गवत उगवत नव्हतं, मातीवर पांढुरकी खपली धरली होती. माझे ठिपके त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांनी गेले होते. काकांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि त्या पट्ट्याच्या मधोमध गिरमिट रोवलं.

"इथं ठिपका नाही, काका."

"माहीत हाय. पन खड्डा इथंच घ्यायचा."

"तसं करता येत नाही. पद्धत असते काही."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मग म्हणाले, "म्याडम, पद्धतीनंच तं घात केला. इथलाच खड्डा चुकवला व्हता म्या."

त्या दिवशी दुपारी कंपनीच्या फाटकासमोरच्या टपरीवर, दोन कट चहा घेऊन, त्यांनी मला सगळं सांगितलं. ते सांगत होते तसंच इथं लिहिते, कारण माझ्या भाषेत ते फारच शहाण्यासारखं होईल.

"पावडर कंपनी बंद पडल्यावर कार्यालयातून चिठ्ठी आली, 'सदर जागेची माती तपासून अहवाल द्यावा.' कशासाठी ते न्हाई. आमच्याकडं जे येतं ते शेतासाठीच येतं. मी गेलो, नागमोडी चाललो, आठ ठिकानी व्ही आकाराचे खड्डे घेतले, ईतभर खोल. आमाला शिकवल्यालं कसं? झाडाखालची माती घ्यायची न्हाई. बांधाजवळची न्हाई. खताच्या ढिगाजवळची न्हाई. जिथं काही येगळं दिसंल तिथली न्हाई, काहून की ती साऱ्या शेताची साक्ष देत न्हाई. हा पांढरा पट्टा दिसला. म्हनलं, हे येगळं हाय. सोडून दिला. बराबर पद्धतीनं सोडला."

चहाचा ग्लास त्यांनी खाली ठेवला.

"आठी खड्ड्यांची माती एका पोत्यावर कालवली. चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले. पुन्हा कालवली, पुन्हा दोन टाकले. आर्धा किलो उरली ती सावलीत वाळवली. वाळवताना जे उडून जायचं ते गेलं. कालवताना जे इरायचं ते इरलं. मंग तपासलं काय? सामू, क्षार, नत्र, स्फुरद, पालाश. ते सारं उत्तम. मी कार्ड भरलं आन् खाली शेरा लिवला, 'जमीन चांगली.' सही केली. त्या कार्डावर वसाहत उभी राह्यली म्याडम."

आमच्या कामात नेमकं उलट असतं. जिथं वेगळं दिसतं तिथलीच माती घ्यायची, कालवायची नाही, वाळवायची नाही, एका खड्ड्याची एकच बाटली, लगेच बर्फात. पण त्यांना हे त्या वेळी कोण सांगणार होतं? त्यांनी चूक केली असं मी म्हणू शकत नव्हते आणि चूक झाली नाही असंही म्हणू शकत नव्हते. शेतासाठी ती पद्धत अगदी बिनचूक आहे.

आणि याहून वाईट पुढं होतं. त्यांची धाकटी बहीण सुमनबाई प्लॉट घ्यायला कचरत होती. कंपनीतल्या मजुरांच्या तोंडून काहीबाही ऐकलं होतं तिनं. तिला यांनीच तयार केलं. "मी सोता तपासली हाय, घे डोळे झाकून." तिनं प्लॉट घेतला. तिथंच संसार केला, परसात मेथी-पालक लावला, तिथल्याच बोअरचं पाणी प्याली. तिच्या मुलीचं, रंजनाचं, लहानपण त्या मातीत गेलं. रंजनाचं लग्न झालं, दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातच गेलं. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली.

"त्या मातीनंच झालं का हो म्याडम?" त्यांनी मला विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. असं एका बाईबद्दल कुणालाच सांगता येत नाही. झालं असेल, नसेलही. ते म्हणाले, "बराबर." त्या माणसाला हो म्हटलं असतं तरी सोसलं असतं, नाही म्हटलं असतं तर सुटला असता. मी त्याला दोन्ही दिलं नाही. शास्त्राच्या नावाखाली आम्ही किती वेळा हात झटकतो, देवच जाणे.

निवृत्त झाल्यावर कधीतरी त्यांच्या वाचनात कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या कंपनीची बातमी आली आणि त्यांना आपला पांढरा पट्टा आठवला. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. तो शेरा खोडला जावा. दर वर्षी एक अर्ज करायचा, 'मी दिलेला शेरा चुकीच्या पद्धतीवर आधारित असून तो रद्द करावा.' दर वर्षी उत्तर यायचं की आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. ही सगळी उत्तरं त्यांनी प्लॅस्टिकच्या फाइलीत लावून ठेवली होती. आमच्या कंपनीला काम मिळाल्याचं कळलं तेव्हा ते स्वतःच कार्यालयात जाऊन उभे राहिले आणि मदतनीस म्हणून नाव लावून घेतलं. म्हणजे मला मिळालेला मजूर हा मजूर नव्हताच.

पट्ट्यात खड्डा घेतला. वसाहतीतल्या अकरा घरांच्या परसातही घेतले. लोक दारात उभे राहून बघायचे. कुणी चहा विचारायचं, कुणी "घरकुलाची यादी लागली का?" म्हणून विचारायचं. सुमनबाईच्या परसात गिरमिट फिरवताना काकांनी मला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः फिरवलं. ती भाकरी थापता थापता ओरडली, "दादा, माझी मेथी तुडवू नको!" ते वाफ्याच्या कडेकडेनं, पाय वाचवत, खाली बसले. मी वसाहतीच्या बोअरचं पाणीही घेतलं.

निकाल आले ते सगळेच वाईट नव्हते. बऱ्याच खड्ड्यांत फारसं काही नव्हतं. पांढऱ्या पट्ट्यात भयंकर होतं. वसाहतीत भिंतीकडच्या रांगेतल्या सात परसांत होतं, त्यात सुमनबाईचं होतं, आणि बोअरच्या पाण्यात होतं. फोनवर मी काकांना आकडे वाचून दाखवले. मग ते म्हणाले, "आता तं खोडतील ना?" त्या आवाजात काय होतं ते मला लिहिता येत नाही. आनंद म्हणावा तर तो कशाचा, आणि तरी होता आनंदच.

काम देणाऱ्या सरकारी कार्यालयात बैठक झाली, त्यासाठी मी परत आले. मोठे साहेब, दोन अभियंते, मी, आणि मागच्या खुर्चीवर काका. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर ती फाइल. साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझा अहवाल चाळला, शेवटच्या पानावर आले आणि म्हणाले, "मॅडम, सरासरी तर मर्यादेच्या आत दिसतेय."

ती सरासरीची ओळ मीच टाइप केली होती. आदल्या आठवड्यात आमच्या बॉसचा फोन आला होता, तक्ता दे आणि खाली सरासरीही दे, क्लायंटला सोपं पडतं. मी दिली. मला कळत नव्हतं असं नाही. नोकरी होती, पुढची तीन कामं त्याच कार्यालयाच्या शिफारशीवर होती. मी मान खाली घातली.

मागून खर्जातला आवाज आला. "साहेब, सरासरी बराबर न्हाई."

सगळ्यांनी वळून पाहिलं. काका उभे राहिले होते.

"मी बी सरासरीच काढली व्हती साहेब. पोत्यावर कालवून. तुमी कागदावर कालवून राहिले. लेकरू साऱ्या जागेची माती थोडी थोडी खात न्हाई. ते आपल्या परसातली खातं."

मला वाटलं, टाळ्या वाजवाव्यात. वाजवल्या नाहीत. साहेबांनी पेन बंद केलं आणि अगदी समजुतीच्या सुरात बोलले. "खंदारे, तुमचं म्हणणं मान्य. तुम्ही शपथपत्र करून द्या, की जुना अहवाल चुकीचा आहे. मी शेरा रद्द करतो, नवीन बांधकाम थांबवतो. पण मग वसाहतही धोक्याची ठरते. ती रिकामी करावी लागेल. साठ घरं. पर्यायी जागा आजतरी माझ्याकडे नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. बोअरच्या हापशाला मात्र पाणी पिऊ नये म्हणून उद्याच लाल रंग मारायला लावतो आणि टँकर सुरू करतो."

साहेब खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी बोअरवर लाल रंग लागला, टँकरही आला.

काकांनी शपथपत्र तयार केलं. मसुदा चार वेळा पेन्सिलीनं लिहिला, पाचव्यांदा टाइप करून घेतला. मी सामान बांधत होते तेव्हा लॉजवर येऊन मला वाचून दाखवला. माझी पद्धत, माझी सही, माझा शेरा, सगळं स्वतःवर घेतलेलं. एका ओळीत त्यांनी 'मी जाणूनबुजून केले नाही' असं लिहिलं होतं, ते वाचताना थांबले आणि म्हणाले, "हे काढू काय? सफाई दिल्यावानी वाटतं." मी म्हणाले, राहू द्या. सोमवारी सही करून देणार होते. मी मुद्दाम दोन दिवस मुक्काम वाढवला.

रविवारी सकाळी वसाहतीतली वीसेक माणसं त्यांच्या घरी आली. मी तिथंच होते, काकूंनी नाश्त्याला बोलावलं होतं. बातमी फुटली होती. माणसं ओट्यावर, अंगणात, जागा मिळेल तिथं बसली. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर काकांना सोपं गेलं असतं.

एक म्हातारा म्हणाला, "काका, तुमी एकदा चांगली म्हनलं, आमी राह्यलो. आता वाईट म्हनता, आमी जावं कुठं?"

"जागा देतील," काका म्हणाले.

"कोन देतंय? तुमी पाह्यली?"

काकांनी पाहिली नव्हती.

मग सुमनबाई उठली. ती इतका वेळ चुलीपाशी भावजयीजवळ बसून होती. भावाच्या समोर येऊन खाली बसली आणि इतक्या हळू बोलली की अंगणातल्या माणसांना ऐकू गेलं नसेल.

"दादा, शिरड शहापूरवाले येऊन राह्यले बुधवारी. रंजनाला न्यायला. जावई सोता येतो म्हनला. किती मिन्नतवारी करून तयार केलं मी त्याहीला, तुला माहीत हाय. तू लिवून दे, जागा जहरी हाय. पेपरात यील. मंग ते म्हनतील, पोरगीच जहरी हाय. त्या मातीतलीच हाय. मंग तिला कोन नेतं?"

"सुमे, मेथी लावू नको म्हनलं तं..."

"न्हाई लावत. पानी बी न्हाई पेत त्या बोअरचं. तू म्हनशीन ते करते. पन लिवून देऊ नको."

रंजना दाराच्या आत उभी होती. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहत होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हिरव्या काचेच्या बांगड्या नुकत्याच भरलेल्या. ती कुणाकडेच बघत नव्हती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटत असावं. मी शिकलेली होते, माझ्याजवळ आकडे होते. मी म्हणायला हवं होतं की सात घरं तरी हलवा, निदान भिंतीकडची रांग, आपण भांडू. ते मला नंतर बसमध्ये सुचलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

सोमवारी काका कार्यालयात गेले. मी सोबत गेले. त्यांनी शपथपत्र दिलं नाही. एक छोटा अर्ज दिला, की माझे यापूर्वीचे सर्व अर्ज मागे घेत आहे. कारकुनानं शिक्का मारला आणि पोच दिली. काकांनी ती पोच फाइलीत लावली, क्रमानं, सगळ्यात वर.

पायऱ्या उतरताना म्हणाले, "शेरा खोडला तं तिच्यावर शेरा पडतो. मी काय करू म्याडम?" स्टँडपर्यंत आम्ही सायकल मधे धरून चालत गेलो. बसमध्ये त्यांनी माझी बॅग चढवून दिली, जयभीम केला आणि बस हलेपर्यंत उन्हात उभे राहिले.

त्यानंतर दीड-दोन वर्षं मी तिकडे फिरकले नाही. खरं सांगायचं तर टाळलं. काकांचा फोन यायचा बुद्धपौर्णिमेला नि दिवाळीला, खुशाली विचारून ठेवून द्यायचे. मग नांदेडला एका कामाला गेले होते, परतताना वाट वाकडी केली.

पांढऱ्या पट्ट्यावर मुरूम टाकला होता आणि त्यावर आठवडी बाजाराचे ओटे बांधले होते. पुढं नवी घरं, गुलाबी रंगाची, दोन रांगा. काही घरांच्या दारांना तोरणं होती. माझ्या अहवालाची सरासरी एका मोठ्या फलकावर लिहिलेली असती तरी मला इतकं लागलं नसतं, जितकं त्या तोरणांनी लागलं.

काकांच्या घरी गेले तर काकू म्हणाल्या, "ते इथं कुठं असतेत? वसाहतीतच राह्यतेत. बहिणीच्या घरामागं पत्र्याची खोली टाकली. म्हनले, त्याहीला आत ठेवून मी बाहीर कसा राहू?" त्यांचा आवाज सरळ होता. आठवड्याला एकदा त्या डबा आणि धुतलेले कपडे घेऊन जातात म्हणाल्या.

मी वसाहतीत गेले तेव्हा दिवस कलला होता. सुमनबाईच्या गल्लीच्या तोंडाशी पंधरा-वीस लेकरं रांगेत उभी होती, धक्काबुक्की करत, एकमेकांना चिमटे काढत. रांगेच्या टोकाला एका पाटावर काका बसलेले. खूप वाळले होते. शेजारी बादली, एका हातात लाल साबण. एकेक लेकरू पुढं यायचं, काका त्याची दोन्ही मनगटं धरायचे, नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत साबण घासायचे, पाणी ओतायचे, आणि "जा, आता जेव" म्हणून सोडायचे. एका पोरीनं हात मागं लपवले. "मी काल धुतले आज्या!" "कालची माती काल गेली," ते म्हणाले, आणि तिचे हात पुढं ओढले.

मला पाहून ते उठायला गेले. मी त्यांना बसवलं.

"रंजना?" मी विचारलं.

"नांदून राह्यली." एवढंच.

"रोज धुता?"

"रोज. जेवायच्या आंधी. माती पोटात जाते ती हातानंच जाते, आकडे सांगताना तुमीच म्हनलं व्हतं. घरं तं हालवता आली न्हाईत. हात तं धुवू."

मी बादलीकडे पाहिलं. भरलेली होती, पाणी नितळ होतं. रस्त्याच्या कडेला टँकरची टाकी उभी होती, तिचं झाकण उघडं, आणि आत कोरडं पत्र्याचं बूड दिसत होतं. पलीकडे बोअर. लाल रंगाचे पोपडे निघून गेले होते, दांडा हातांनी घासून चकचकीत झाला होता. बोअरखाली चिखल ओला होता.

"टँकर कधीपासून नाही?"

"बाविसावा दिस."

"काका, मग हे पाणी..."

त्यांनी मान वर केली नाही. समोरच्या लेकराच्या तळव्यावर ते साबण फिरवत होते, अंगठ्याच्या बुडाशी, अगदी सावकाश. फेस आला होता.

"दुसरं कुठं हाय म्याडम," ते म्हणाले. "असं साबन लावून तं सोडता येत न्हाई."

लेकरू साबणाचे हात पुढं धरून उभं होतं. मागची रांग ओरडत होती, भूक लागली म्हणून. काकांनी बादलीशेजारचा तांब्या उचलला. त्यांनी तो तांब्या माझ्यापुढं केला.

मी तो बादलीत बुडवला आणि त्या हातांवर ओतला.